आमची वाटचाल : हे नेमकं कशासाठी असेल?

आमचं वर्कशॉप सुरू झालं ते दुरुस्तीसाठी. जुनी कुलपं, तराजू, शिलाई मशिनं, चावीची घड्याळं. ती घ्यायला आलेले लोक जाता जाता पिशवीतून एखादी भलतीच वस्तू काढायचे, "आजोबांच्या पेटीत सापडली, काय असेल हो?" असं विचारणारे वाढत गेले. आज जुनी अवजारं ओळखून देणं हेच आमच्या फर्मचं मुख्य काम आहे.

एकच आग्रह असतो: वस्तू घासून चकचकीत करून आणू नका. खाचेत साचलेलं वंगण, दात्यांत अडकलेला भुसा, मुठीवरचा काळपटपणा, हे सगळे पुरावे. आकारावरून डोक्यात दहा गोष्टी येतात, झिजलेली जागा त्यातल्या नऊ खोडून काढते.

एकदा दांड्यावर फिरणारी लोखंडी चकती आली. सगळे म्हणाले, कापायचं हत्यार. भिंगाखाली पाहिलं तर कडेला धार लावल्याची एकही खूण नाही, कड सगळीकडून सारखी बोथट, मधलं भोक मात्र फिरून फिरून सैल झालेलं. आणि कडेला एकच खाच. कापायच्या चकतीला खाच कशाला? फेरे मोजायला! गाडीच्या लाकडी चाकाचा परीघ मोजायचं हे साधन. चाकावर खडूची खूण करून चकती फिरवायची, फेरे मोजायचे, मग तीच धावेच्या, म्हणजे चाकावर चढवायच्या लोखंडी कड्याच्या, आतून फिरवायची. धाव मुद्दाम किंचित लहान ठेवतात. तापवली की ती प्रसरण पावून चाकावर बसते आणि पाणी ओतताच आवळून आरे घट्ट करते. मालकीणबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणजे आजोबा धावा बसवायचे!" घरात कुणाला हे ठाऊकच नव्हतं. हे काम मला मनापासून आवडतं ते अशा उत्तरांसाठी.

यंत्र असेल तर आधी दाते मोजतो. १९०१ मध्ये ग्रीसजवळच्या समुद्रातून वर आलेल्या अँटिकिथेरा यंत्राचं, म्हणजे ग्रहणांचं गणित मांडणाऱ्या प्राचीन दातेरी यंत्राचं, मोठं कोडं दात्यांनीच सोडवलं: एका चाकाला २२३ दाते, आणि ग्रहणांचं चक्र २२३ चांद्रमासांचं. स्क्रूचे आटेही बोलतात. ५५ अंशांचे आटे दिसले की १८४१ ची व्हिटवर्थ ही आट्यांची ब्रिटिश पद्धत आठवायची, मेट्रिक आटे ६० अंशांचे.

आमच्या अहवालात 'खात्री' आणि 'अंदाज' असे वेगळे रकाने असतात. अंदाजाला खात्री म्हणून द्या, अशी गळ घालणारे गिऱ्हाईक आम्ही परत पाठवतो. रोमन काळातले बारा पैलूंचे पोकळ ब्राँझ गोळे शंभराहून अधिक सापडलेत; प्रत्येक पैलूला भोक, कोपऱ्यांवर गुंड्या. पण लेखी उल्लेख नाही आणि म्हणावी तशी झीजही दिसत नाही, म्हणून त्यांचा उपयोग अजून ठरलेला नाही. आमच्याकडच्या अशा न उलगडलेल्या वस्तूंची मापं, वजन आणि फोटो आम्ही जपून ठेवतो. नवीन काही आलं की आधी त्या नोंदींशी ताडून बघतो.