धैर्य कुठून आणलेत, असे तुम्ही विचारलेत म्हणून

चौकशी समितीसमोर उभे राहून खरे बोलणाऱ्या बाईची कथा लिहिण्याचे धैर्य मी कुठून आणले, हे मला इतक्या वेळा विचारले गेले आहे की त्याचे एक उत्तर माझ्या तोंडी बसून गेले होते. दुःखातून श्रद्धा येते, श्रद्धेतून धैर्य येते आणि धैर्यातून लेखन, असे मी व्यासपीठावरून अनेकदा सांगितले. ते सांगताना आपण खोटे बोलत आहोत असे मला वाटत नसे, आणि आज मला सर्वांत जास्त बोचते ते हेच.

कथा तुम्ही वाचली आहे, म्हणून ती पुन्हा सांगत नाही. तशी एक चौकशी खरोखर झाली होती. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यावर हिशेबाच्या कागदांत फेरफार केल्याचा आरोप होता. तो फेरफार दुसऱ्या कोणी केला, हे मी डोळ्यांनी पाहिले होते, आणि मी पाहिले आहे हे ठाऊक असल्यामुळेच त्यांनी साक्षीदार म्हणून माझे नाव दिले होते. त्या दिवशी पहाटे मी प्रार्थनेला बसले, बळ मागितले, आणि ते अगदी मनापासून मागितले. दुपारी समितीच्या अध्यक्षांनी विचारले, “तुम्हाला यासंबंधी काही सांगायचे आहे का?” माझी नजर टेबलावरच्या नोंदवहीवर होती. मी म्हणाले, “मला काही ठाऊक नाही.” सहकारी काही बोलले नाहीत. ते माझे उत्तर लिहून घेण्यासाठी पेन उघडून बसले होते. त्यांनी त्याला टोपण लावले आणि ते खिशाला अडकवले. पुढच्या आठवड्यात त्यांनी राजीनामा दिला.

माझ्यावर घराची जबाबदारी होती आणि नोकरी गेली असती तर दुसरा आधार नव्हता, हे खरे आहे. पण त्यांच्यावरही घराची जबाबदारी होतीच.

चार वर्षांनी मी कथा लिहिली. तिच्यातली बाई, मला जे बोलायचे होते ते सारे बोलते. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की कलावंताची साक्ष अशीच उशिरा येते. त्यासाठी मला रशियन कवयित्री आन्ना अख्मातोवाचा आधार वाटे. मुलगा तुरुंगात असताना लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेरच्या रांगांत 17 महिने उभ्या राहिलेल्या अख्मातोवाने त्या दिवसांवरच्या ‘रेक्विएम’ या कवितामालेच्या ओळी, स्तालिनच्या राजवटीच्या भीतीने, मैत्रिणींकडून पाठ करून घेतल्या आणि लिहिलेले कागद जाळून टाकले, त्या कविता सोव्हिएत रशियात 1987 मध्ये छापल्या गेल्या, तिच्या मृत्यूनंतर 21 वर्षांनी. पण तिच्याच हाताने 1950 मध्ये स्तालिनच्या स्तुतीच्या कविताही लिहिल्या, कारण मुलाला पुन्हा अटक झाली होती, हे वाचल्यावर मला सुटल्यासारखे वाटले. ते वाटणेच चुकीचे होते. ती मुलाच्या जिवासाठी खोटे लिहीत होती. मी माझ्या खुर्चीसाठी गप्प बसले होते.

कथा प्रसिद्ध झाल्यावर त्या सहकाऱ्यांचे एक पत्र आले. त्यात दोनच वाक्ये होती: “कथा वाचली. तुम्हाला सगळे तारखेनिशी आठवते आहे, हे कळले.”

श्रद्धेविषयीही तुम्ही विचारता. त्या पहाटे मागितलेले बळ मला मिळाले नाही, की मिळूनही मी ते वापरले नाही, हे मला आजही सांगता येत नाही. देवाला दोष द्यावा असे कधी वाटले नाही. भीती वाटते ती निराळ्याच गोष्टीची: त्याच संध्याकाळी मी पुन्हा प्रार्थनेला बसले आणि माझे मन नेहमीसारखेच शांत झाले. दुःख माणसाला उन्नत करते असे सांगणाऱ्या माझ्या जुन्या मला मी विचारते की ते नेमके कोणाचे दुःख होते. ती म्हणते, दोघांचेही. मला हे पटत नाही, पण ते खोडूनही काढता येत नाही.

कथा मी अकरा रात्रींत लिहून पूर्ण केली होती. समितीपुढे मी खोटे बोलले, असे संस्थेला कळवणारे निवेदन जेमतेम दोन पानांचे आहे. तीनदा लिहायला घेतले. तिन्ही वेळा तारीख, समितीच्या सदस्यांची नावे आणि मला विचारलेला प्रश्न एवढे लिहून झाले. माझे उत्तर अजून लिहायचे आहे.