तुम्ही विचारलंत म्हणून: स्कॉलरशिप टिकवायला किती टक्के लागतात?

बारावीचा रिझल्ट लागला की आमच्या नागपूरच्या पारडीत माझा सीझन सुरू होतो. कोणाची आई येते, कोणाचा मोठा भाऊ येतो, एकदा तर दूधवाले काका सायकलवरून न उतरताच विचारून गेले, सगळ्यांचं एकच, तुला ती सेंट्रलवाली स्कॉलरशिप मिळून राहिली नं, मग ती टिकवायला दरवर्षी किती टक्के पाडावे लागतात? त्यांना वाटतं मी ८०-८५ सांगणार. मी सांगते ५०. मग समोरचा हसतो, बस ५०? मग तर झालंच! मला भीती त्या हसण्याचीच वाटते कारण फर्स्ट इयरला मीपण अशीच हसली होती.

आधी कोणती स्कॉलरशिप ते सांगते, नाहीतर अर्धे लोक महाडीबीटी, म्हणजे राज्य सरकारच्या पोर्टलवरची समजून ऐकतात. ही केंद्र सरकारची 'सेंट्रल सेक्टर' स्कॉलरशिप, कॉलेज आणि विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठीची, फॉर्म नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर भरायचा. देशभरात वर्षाला ८२,००० नवीन पोरांना मिळते, त्यात निम्म्या मुलींसाठी. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत पाहिजे, कॉलेज रेग्युलर पाहिजे, आणि बारावीत ८० पर्सेंटाईलच्या वर पाहिजे. हे ८० टक्के नाहीत हो. तुमच्या बोर्डात तुमच्या शाखेत जेवढे पास झाले त्यातल्या वरच्या २० टक्क्यांत तुम्ही आहात का, एवढाच त्याचा अर्थ. ८० टक्के नाहीत म्हणून फॉर्मच न भरलेले किती जण मी पाहिले, आणि सांगायला जावं तर ते म्हणतात जाऊ दे बावा, आपल्या नशिबात नाही.

ग्रॅज्युएशनच्या तीन वर्षांत वर्षाला १२,००० मिळतात, पुढे एमएला-एमएस्सीला २०,०००. म्हणजे बीएस्सीला महिन्याला हजार रुपये. माझे बाबा कळमना मार्केटात एका अडत्याकडे दिवाणजी आहेत, घर चालतं, उपाशी वगैरे आम्ही नव्हतो, पण प्रॅक्टिकलच्या वह्या, परीक्षा फी, येणंजाणं हे सगळं त्या हजारात बसवलं की बाबांसमोर हात पसरावा लागत नाही. अठराव्या वर्षी याची किंमत बाराशे रुपये असो की बारा हजार, फार असते.

तर आता ५० टक्के. नियम असा की दरवर्षी रिन्यूअल करायचं आणि त्यासाठी मागच्या वर्षाच्या परीक्षेत कमीत कमी ५० टक्के पाहिजेत आणि कॉलेजात ७५ टक्के हजेरी. दोन वाक्यांचा नियम आहे. पण कॉलेजात आपल्या डोक्यात नंबर फिरत असतो तो पासिंगचा, म्हणजे ४०. सीनिअर सांगतात ४० पाड नं, निघून जाते. आणि खरंच निघून जाते. माझी एक मैत्रीण सेकंड इयरला ४६ की ४७ टक्क्यांनी निघाली, एकही विषय राहिला नाही, तिने आम्हाला तर्री पोहे खाऊ घातले, आणि ते पोहे खातानाच कोणीतरी तिला विचारलं अगं मग रिन्यूअलचं काय. तिचा चमचा तसाच. पास झाली पण स्कॉलरशिपच्या हिशोबात नापास, आणि तिला नापास झालीस असं सांगायला कोणी आलंसुद्धा नाही. आपल्याच मार्कशीटवर लिहिलेलं असतं, फक्त आपण खालची ओळ वाचून खुश होऊन मोकळे झालेलो असतो.

मला स्वतःला सेकंड इयरला, म्हणजे तिसऱ्या सेमला, ४८ पडले होते. विंटरचा रिझल्ट बघितला आणि मी दोन दिवस घरी नीट जेवली नाही. आमच्या कॉलेजात वर्षाच्या दोन्ही सेमची बेरीज धरली म्हणून वाचली, समरला, म्हणजे चौथ्या सेमला, ५८ आले, सरासरी ५३. फिजिकल केमिस्ट्रीला मी इतका वेळ आयुष्यात कधी दिला नव्हता आणि पुढे देईन असं वाटतपण नाही.

पण मार्कांचं तरी दिसतं. खरी गंमत हजेरीची.

हजेरीबद्दल कोणी मला आजपर्यंत विचारलेलं नाही, म्हणजे एकानेपण नाही. मार्क विचारतात, उत्पन्नाचा दाखला कुठे मिळतो विचारतात, सेतूत किती वेळ लागतो विचारतात. हजेरी? ते कोण बघते. मीपण हेच म्हणत होती. २०२३ चा तो सप्टेंबर आठवा. आधी पोळा, मग दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे रोगराई घेऊन जा गे मारबत असं ओरडत पुतळ्यांची मिरवणूक निघते ती, मग गणपती, आणि मग २३ तारखेला पहाटे तो पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीचं पाणी लोकांच्या घरात शिरलं. कॉलेजला सुट्टी. आता सुट्टी मिळाली तर ती हजेरीत धरत नाहीत, लेक्चर झालंच नाही तर अ‍ॅबसेंट कसला. पण मी काय केलं, त्याच्या नंतरचे चार-पाच दिवसपण पावसाच्याच खात्यात टाकले. आमच्या पारडीत पाणी नव्हतं, मेट्रो सुरू होती, प्रजापती नगरला बसलं की सीताबर्डी, काहीच अडचण नव्हती. नुसता आळस. शिवाय मी दुपारी तीन वाजता घरी नववी-दहावीच्या पोरांची ट्यूशन घेत होती, त्यासाठी शेवटचं प्रॅक्टिकल आठवड्यातून दोनदा बुडायचं. आणि मारबतीची सुट्टी एक दिवसाची असते, मी दोन दिवसांची केली.

ऑक्टोबर संपता संपता स्कॉलरशिप सेक्शनच्या मॅडमनी एका मुलीला सांगताना मी ऐकलं, माझ्याशी बोलतपण नव्हत्या, की हजेरी पूर्ण नसेल तर मी व्हेरिफाय करणार नाही, माझी नोकरी आहे बाई. मी घरी आली आणि पहिल्यांदा हजेरी मोजायला बसली.

आमच्या घरी कालनिर्णयवर आई दुधाचा हिशोब लिहिते. अर्धा लिटर, एक लिटर, ज्या दिवशी आलं नाही त्या दिवशी फुली. माझ्याकडे कसलीच नोंद नव्हती तर मी त्या फुल्यांवरूनच दिवस आठवायला लागली, हा दिवस दूध नव्हतं, त्या दिवशी मी घरी होती कारण काळा चहा प्यायल्याचं आठवतं, असं. मग मैत्रिणीच्या वहीतून किती लेक्चर झाले ते घेतलं. थिअरी आणि प्रॅक्टिकल मिळून तोपर्यंत झाले होते २१०. मी हजर १३९. म्हणजे ६६ टक्के.

पेनने कागदावर पुढचं मांडलं. मागच्या वर्षीवरून अंदाज केला की दोन्ही सेम मिळून ४८० होतील. त्याचे ७५ टक्के ३६०. त्यातून १३९ वजा, उरले २२१. आणि पुढे होणार २७०. म्हणजे आता इथून वर्ष संपेपर्यंत मला फक्त ४९ बुडवता येणार होते, आणि त्या ४९ मध्ये ताप, मामाचं लग्न, मेट्रो चुकली, सगळं आलं. जवळजवळ ८२ टक्के हजेरी ठेवायची तेव्हा कुठे वर्षाची ७५ होणार. सुरुवातीला झोपलेल्याला शेवटी धावावं लागतं हे गणित तेव्हा कळलं. आई म्हणाली काऊन गं, एवढं काय मोजून राहिली? मी म्हटलं मारबत गेली तेव्हा ओरडायचं राहिलं, कमी हजेरी घेऊन जा गे मारबत. तिला काही कळलं नाही, ती हसली.

त्या दिवसापासून दुधाच्या आकड्याशेजारी माझे आकडे. झालेले किती, मी किती. ट्यूशन साडेचारला ढकलली, त्यात दोन पोरं सुटली, त्यांच्या आईला वेळ जमत नव्हता. त्या दोघांची फी मिळून वर्षाचे किती झाले असते ते मी मुद्दाम मोजलं नाही.

वर्षाच्या शेवटी ७७ वर आली. एवढं सगळं करून दोन टक्के वर!

बरं मार्क झाले, हजेरी झाली, तरी संपलं नाही, कारण रिन्यूअल आपोआप होत नाही. हे लोकांना पटतच नाही. एकदा मिळाली नं, मग सरकारला माहीतच आहे की. नाही हो. दरवर्षी पोर्टलवर जाऊन रिन्यूअलचा फॉर्म आपणच भरायचा, मग तो कॉलेजच्या लेव्हलला तपासतात, मग त्याच्या वर एक लेव्हल. थर्ड इयरच्या वेळी मी घाईत टक्क्यांच्या रकान्यात ५८ भरले, समरचे, जास्त होते म्हणून हात तिकडेच गेला असेल. मार्कशीटच्या बेरजेत ५३. कॉलेजने फॉर्म डिफेक्ट केला. डिफेक्ट म्हणजे रिजेक्ट नाही, दुरुस्त करून परत पाठवायचा, पण हे मला नंतर कळलं, आधी एक तास मी रडली. दिवाळीच्या सुट्ट्या लागायच्या आदल्या दिवशीची गोष्ट. चौकातल्या नेट कॅफेवाल्या दादाने शटर अर्धं खाली केलं होतं, मी वाकून आत शिरली. मॅडमना फोन केला तर त्या घरी चिवडा भाजत होत्या, कढईत झाऱ्याचा आवाज येत होता, म्हणाल्या आता सबमिट कर, मी रात्री लॉगिन करते. केलंसुद्धा. चूक माझी होती आणि रात्र त्यांची गेली.

आणि पैसे. आले असा मेसेज नाही, बँकेत नाही, पोर्टलवर मात्र पेमेंट झालं दाखवतंय. पंधरा दिवस मी सगळ्यांवर संशय घेतला. मग कळलं की पैसे आधारवरून जातात, आणि आधारला जे खातं सगळ्यात शेवटी जोडलं असेल तिथे जातात. आमच्या गल्लीत एकदा पोस्टमनकाकांनी कॅम्पमध्ये सगळ्यांची खाती काढून दिली होती, अंगठा लावला आणि विसरली. पैसे तिथे आरामात बसले होते. म्हणून फॉर्म भरायच्या आधी आपलं आधार कोणत्या खात्याला जोडलेलं आहे ते एकदा बघून घ्या, दोन मिनिटांचं काम आहे.

अजून एक, ही स्कॉलरशिप घेताना दुसरी घ्यायची नसते, राज्याची फी माफीसुद्धा त्यात धरतात. काही जण दोन्हीकडे भरून ठेवतात, जे येईल ते, आणि मग दोन्हीकडे अडकतात. तुमच्या घरी फी मोठी असेल तर आधी बसून बघा कशात जास्त फायदा आहे, माझी बीएस्सीची फी कमी होती म्हणून मला ही परवडली. इंजिनीअरिंगवाल्यांचं वेगळंच असतं. माझ्या मावसबहिणीला एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती स्कॉलरशिप मिळते, मुलींसाठीची, वर्षाला ५०,०००, घरात दोन मुलींपर्यंत, उत्पन्न ८ लाखांच्या आत. तिला एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, एटीकेटी लागली तेव्हा मावशीने मला रात्री अकराला फोन केला की गेली का गं पोट्टीची स्कॉलरशिप. तिच्या योजनेत टक्क्यांचं नाही, पुढच्या वर्गात प्रमोट झालीस का एवढं बघतात, तसं कॉलेजचं सर्टिफिकेट लागतं. ती प्रमोट झाली होती, वाचली. इयर डाऊन झालं असतं तर गेली असती. असाच माझा एक विषय राहून बेरीज ५० च्या खाली आली असती तर माझ्या योजनेत माझी गेली असती. म्हणून दुसऱ्याची ऐकीव गोष्ट स्वतःला लावू नका, आपल्या योजनेच्या गाईडलाईनमध्ये रिन्यूअल नावाचा एक परिच्छेद असतो तो वाचा, पानभरपण नसतो.

मागच्या आठवड्यात समोरच्या काकूंचा मुलगा आला, बीकॉम फर्स्ट इयर, त्याची यंदा मंजूर झालेली. मोबाईलवर पहिल्या टेस्टचे मार्क दाखवून राहिला, ७१, ६८, ७४. दीदी, टेन्शनच नाही, ५० तर असेच येतात. मी विचारलं हजेरी किती? तो म्हणाला आहे नं तेवढी, आमच्या कॉलेजात कोणी बघत नाही. मी त्याला खाली बसवलं, आईचं कालनिर्णय खिळ्यावरून काढून समोर ठेवलं आणि त्याच्या वर्गाच्या ग्रुपवर झालेल्या लेक्चरची यादी मागवायला लावली. आधी तो मजेत मोजत होता. गणपतीच्या आठवड्यावर आला तेव्हा बोलायचं थांबला. ९६ पैकी ५८ निघाले.

"दीदी," तो म्हणाला, "पेन दे बरं."