तुम्ही विचारलंत म्हणून: क्रियापदांचा तक्ता का देत नाही

‘रोजची पन्नास क्रियापदं घ्या. एका रकान्यात मराठी, पुढे हिंदी, गुजराती, कन्नड, बंगाली, तमिळ. एवढा तक्ता करून द्या ना.’ बदली झालेले मागतात, परप्रांतात सोयरीक जुळलेले मागतात. नाही म्हटलं की मी आखडू ठरतो. तर एकदाचं सांगून टाकतो.

‘खाणे’ घ्या, पहिल्याच ओळीत गाडी अडते. आपण खातो वेगळं, जेवतो वेगळं. रोजच्या हिंदीत दोन्हींना ‘खाना’च. कन्नडमध्ये जेवायला ‘ऊट माडु’, खायला ‘तिन्नु’. बंगालीत पाणीही खातात आणि सिगरेटही. सिगरेट आपण ओढतो, हिंदीत पितात, तमिळमध्ये ‘पिडि’, म्हणजे धरतात. रकान्यात काय लिहू?

शब्द सापडला तरी ‘ने’ची भानगड उरतेच. ‘त्याने खाल्लं’, पण ‘तो जेवला’. हिंदीत ‘उसने कहा’, आपल्याकडे ‘तो म्हणाला’. उलट आपलं ‘त्याने आणलं’, हिंदीत ‘वह लाया’. बंगालीत क्रियापदाला लिंगच नाही. म्हणून बंगाली माणूस ‘ती आला’ म्हणाला तर हसू नका.

पण तक्त्यावरचा माझा विश्वास उडाला तो ‘आवडणे’पायी. माझ्याच जुन्या तक्त्यात त्याच्यासमोर गुजराती ‘आवडवुं’ होतं. दिसायला जुळी भावंडं: ‘मला आवडतं’, ‘मने आवडे छे’. गुजरातीत मात्र त्याचा अर्थ ‘येणे’. ‘मने हिसाब आवडे छे’ म्हणणाऱ्याला हिशेब येतो. त्याला तो आवडतो की नाही, हे त्यात कुठेच नाही. नोकरीच्या अर्जात ते ‘मला हिशेब आवडतो’ असं उतरलं की आयुष्यभराची कमाई छंदात जमा. उलट्या दिशेने जास्त धोका: ‘मला गाडी चालवायला आवडतं’ हे जसंच्या तसं गुजरातीत नेलं, की कालचा शिकाऊ आज तयार ड्रायव्हर होतो. आवड सांगायला तिथे ‘गमे छे’. आता ‘गमणे’ आपल्याकडेही आहे. विदर्भात ‘गमत नाही’ म्हणजे करमत नाही. आणि ‘जमवुं’ म्हणजे जेवणे! ‘जम्या?’ असं विचारल्यावर ‘हो, जमलं’ म्हणू नका.

तेव्हाचा मी म्हणायचा, अपवाद आहेत, तळटीपेत टाकू. तळटीपा तक्त्यापेक्षा लांब झाल्या, तरी तो हेका सोडेना.

यावर कुणी कुपवाडचा दाखला देतं. सांगली जिल्ह्यातल्या या गावात मराठी, कन्नड, उर्दू इतक्या मुरल्या, की एकीच्या वाक्यात शब्दाला शब्द ठेवला की दुसरीचं वाक्य व्हावं. गम्पर्झ आणि विल्सन या भाषा-अभ्यासकांनी १९७१ मध्ये हे मांडलं. बरोबर आहे. पण तो तक्ता पिढ्यान्‌पिढ्यांच्या शेजाराने घडलाय, तो उचलून तुमच्या नव्या ऑफिसात कसा नेणार?

वहीत नुसतं क्रियापद लिहू नका. प्रत्येकाची चार वाक्यं लिहा: ‘मी’चं वर्तमानातलं, ‘तो’ आणि ‘ती’ची भूतकाळातली, आणि एक नकाराचं. नकार टाळू नका, तिथे रूपच बदलतं. ‘आवडे छे’चा नकार ‘आवडतुं नथी’. भाषा येते हे सांगायला कन्नडमध्येही ‘येणे’च: ‘ननगे कन्नड बरुत्ते’, येत नसेल तर ‘बरल्ल’. पन्नास क्रियापदांची एका भाषेत दोनशे वाक्यं होतात. होऊ द्यात.

बाजारापुरतं ‘ये, जा, बस, थांब, दे’ एवढं तक्त्यात बसतं, हे कबूल. तेवढं देतोही. पण तिथेही निरोपाचं अडतं. आपण निघताना ‘येतो’ म्हणतो, बंगाली ‘आशि’ म्हणतो, कन्नडिगा ‘होगि बर्तीनि’, तमिळ माणूस ‘पोय्ट्टु वरेन’, जाऊन येतो. हिंदीवाला ‘चलता हूँ’ म्हणून मोकळा. हे ‘येणे’च्या ओळीत टाकू की ‘जाणे’च्या? दोन्हीकडे लिहून खोडलंय.