अडीच लाखाचा डिप्लोमा आणि मामाच्या उसाचं बिल

परवा माझ्या एज्युकेशन लोनचा शेवटचा हप्ता गेला. बँकेचा मेसेज आला तेव्हा मी कोल्हापुरात सीपीआर हॉस्पिटलसमोर केएमटीच्या बसची वाट बघत उभी होते आणि तिथंच डोळे भरून आले, पाच वर्षं दर महिन्याच्या पाच तारखेला पोटात गोळा यायचा तो आता येणार नाही म्हणून. आणि त्याच रात्री मुरगूडच्या मामाच्या पोरीचा फोन, "ताई, मी क्रिमिनॉलॉजीच्या सर्टिफिकेटला ॲडमिशन घेतोय, तू केलंयस न्हवं तसलंच, भरू काय पैसे?"

फोनवर मला नीट सांगताच आलं नाही. म्हणून इथं लिहितेय, तिच्यासाठी आणि तिच्यासारख्या अजून कुणी पोरी असतील त्यांच्यासाठी.

मी २०१८ ला बीए झाल्यावर पुण्यात एका खाजगी संस्थेत वर्षाचा डिप्लोमा केला, क्रिमिनॉलॉजी आणि फॉरेन्सिकचा, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास आणि गुन्ह्यातल्या पुराव्यांची शास्त्रीय तपासणी. फी आणि राहणं धरून अडीच लाखाचं लोन. ४ लाखापर्यंत तारण लागत नाही त्यामुळं काही गहाण ठेवावं लागलं नाही, पण सहकर्जदार म्हणून पप्पांची सही लागली. पप्पा शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत. व्याज ११ टक्के. कोर्सचं एक वर्ष आणि पुढचं एक वर्ष हप्ता नाही असं सांगितलं, आम्हाला वाटलं चला दोन वर्षं काळजी नाही.

तिथंच चुकलं. हप्ता नसतो, व्याज असतंच. वर्षाला २७,५००, दोन वर्षांचे ५५,०००, ते सगळं मुद्दलात चढलं आणि हप्ता सुरू व्हायच्या वेळी अडीच लाखाचे ३ लाख ५ हजार झालेले. पाच वर्षांसाठी हप्ता बसला ६,६३० च्या आसपास, म्हणजे ६० हप्त्यांचे जवळजवळ ४ लाख. तेच व्याज त्या दोन वर्षांत महिन्याला २,३०० प्रमाणे भरत गेलो असतो तर हप्ता ५,४३५ वर राहिला असता आणि एकूण सतराएक हजार वाचले असते. हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

आता कमाईचं. पुण्यात पहिली नोकरी लागली बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनची, कंपन्यांत नवीन माणूस घेताना त्याचा पत्ता, जुनी नोकरी, पोलीस रेकॉर्ड तपासायचं काम. पगार हातात १३,५००. कॉट बेसिसवर, म्हणजे एका खोलीत फक्त एका खाटेपुरती जागा, ४,०००, मेस ३,५००, उरले ६,०००. आणि हप्ता ६,६३०. बसचं भाडं, मोबाईल, आजारपण काहीच धरलेलं नाही यात. त्यात हप्ता सुरू व्हायचा तो २०२०, कोरोनाचा. रिझर्व्ह बँकेनं ऑगस्टपर्यंत हप्त्याला सवलत दिलेली ती घेतली पण व्याज तेव्हाही थांबलं नव्हतं. नोकरी गेली, मी कोल्हापूरला परत आले, दोन हप्ते चुकले. त्यानंतर पप्पा घराचे पत्रे बदलायला कर्ज काढायला गेले तर त्यांचा सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा स्कोअर, पडलेला, माझ्यामुळं. ते मला एक शब्द बोलले नाहीत. त्या पावसाळ्यात स्वयंपाकघरात पातेली ठेवून आम्ही दिवस काढले, ते माझ्या मनातून जात नाही.

बरं, ज्या नोकरीसाठी हे सगळं केलं तिचं काय? पोलीस शिपाई भरतीला बारावी पास लागतं, डिप्लोमा नाही. मुलींना उंची १५५ सेंमी पाहिजे, माझी १५३. पीएसआयला, म्हणजे फौजदाराला, कुठलीही डिग्री चालते पण उंची १५७. फॉरेन्सिक लॅबमध्ये सायंटिफिक असिस्टंट व्हायचं तर सायन्सची डिग्री लागते आणि मी बीए. म्हणजे तिन्ही दारं मला ॲडमिशनच्या आधीच बंद होती, आणि माझी फी घेताना कुणी ना माझी उंची विचारली ना विषय.

मामाच्या पोरीला कुणीतरी सांगितलंय की नवीन कायदे आलेत, आता लई स्कोप हाय. कायद्याचं खरं आहे. १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी संहिता लागू झाल्या आणि ७ वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञानं जागेवर जायचं असं त्यात आहे, टप्प्याटप्प्यानं ते सगळीकडं करायचंय. माणसं लागणारच. पण ती माणसं सरकारी जाहिरातीतून घेणार आणि त्या जाहिरातीत शैक्षणिक अर्हता म्हणून जे लिहिलेलं असतं तेच बघणार. पैसे भरायच्या आधी मागच्या भरतीची जाहिरात काढून वाच बाई, एवढंच माझं म्हणणं. तुझ्या सर्टिफिकेटचं नाव त्यात कुठं दिसतंय का बघ.

शिकले त्याचं मला वाईट वाटत नाही, हेही सांगते. बालगुन्हेगारी, पीडितांचे हक्क, जामीन न परवडल्यानं आत राहिलेली माणसं, हे त्या वर्षात पहिल्यांदा डोक्यात शिरलं आणि आजही कामाला येतं. सध्या मी एका वकिलांच्या ऑफिसात आहे, ऑगस्ट २०२५ ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच, म्हणजे मुंबई हायकोर्टाचं इथं बसणारं खंडपीठ, सुरू झाल्यापासून काम खूप वाढलंय, पगार १६,०००. पण मला घेताना सरांनी डिप्लोमा विचारला नाही, मराठी-इंग्रजी टायपिंग येतं का आणि मसुदा वाचता येतो का एवढंच विचारलं.

मामाच्या पोरीची गोष्ट वेगळी आहे. उंची १५८, रोज पहाटे पळते, ८०० मीटरचा टाइम चांगला आहे. शिपायाचा मूळ पगार २१,७०० पासून, वर भत्ते, आणि त्याला लोन लागत नाही. बीएचं शेवटचं वर्ष पूर्ण केलं की पीएसआयचीही परीक्षा देता येईल. कायद्यातच रस असेल तर तीन वर्षांचं एलएलबी कर, सीईटी देऊन. मुलींसाठी ८ लाखाच्या आत उत्पन्न असेल तर कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, घेतलेल्या व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी माफ आहे २०२४ पासून, खाजगी विद्यापीठांना ते लागू नाही हे मात्र बघून घे. सर्टिफिकेट कोर्सची पूर्ण फी खिशातूनच जाणार.

तिची फी १ लाख ८० हजार. मामा म्हणतोय निम्मे उसाच्या बिलातून देतो, निम्म्याचं लोन काढू. मामाचा ऊस पाऊण एकर, बिलातून आधी सोसायटी आपलं कर्ज कापून घेते, मग जे हातात येतं त्यात वर्ष काढायचं. त्या बिलावर आजीचं औषध पण आहे.

शनिवारी फीची शेवटची तारीख आहे म्हणे. मी मामाला शुक्रवारी कोल्हापूरला बोलवलंय, माझं लोनचं सगळं स्टेटमेंट प्रिंट काढून ठेवलंय, साठच्या साठ हप्त्यांचं. पप्पा म्हणाले, मी पण बसतो तुमच्यासोबत.