फुजीवरचा जाळीदार दगड

जपानच्या फुजी ज्वालामुखीला जाऊन आलेले सगळे शिखराचे फोटो दाखवतात. मला सांगायचंय ते पायाखालच्या दगडाबद्दल. इतकी वर्षं अंधेरीत भूगोल शिकवल्यावर नजर आधी तिकडेच जाते.

सकाळी टोकियोच्या शिंजुकूहून टूरची बस निघाली. कावागुचि तळं मागे टाकून ती सुबारू लाइनचा घाट चढली आणि शिखराच्या वाटेवरच्या पाचव्या टप्प्यावर थांबली. ही जागा साधारण २,३०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, आणि इथे तर बसल्या जागी त्याच्याही वर! शिखर ३,७७६ मीटरवर. चढाईचा मोसम जुलै ते सप्टेंबरची सुरुवात, आम्ही गेलो मेमध्ये. एका दिवसाच्या सहलीत तसंही वर जायचं नसतंच.

मंडळी दुकानांत शिरली, मी खाली वाकले. तांबूस-काळी खडी. एक खडा तळहातावर घेतला तर किती हलका! अनारशासारखी जाळी पडलेली. उकळत्या लाव्ह्यातला वायू निसटला, त्याची ती भोकं.

"अहो, इकडे या! बेसॉल्ट आहे, आपलाच दगड!"

ह्यांना तो घरी न्यायचा होता. गाइड मुलीने हसून मान हलवली, इथला दगड न्यायला बंदी आहे. योग्यच आहे. खडा होता तिथे ठेवला.

आपला सह्याद्री भेगांतून वाहिलेल्या लाव्ह्याचा, थरावर थर साचून झालेला. फुजी लाव्हा आणि राख रचत शंकूसारखा वाढला, तोही जुन्या ज्वालामुखींना पोटात घेऊन. शेवटचा उद्रेक १७०७ सालचा. तेव्हा राख पार एदोवर, म्हणजे आजच्या टोकियोवर पडली होती.

दुपारी ओशिनो हाक्काईला गेलो. तिथे आठ तळी आहेत. फुजीवरचं बर्फ वितळतं, ते पाणी वर्षानुवर्षं लाव्ह्याच्या थरांतून झिरपत इथे वर येतं. इतकं नितळ, की तळाची हिरवी वनस्पती हलताना दिसत होती. सच्छिद्र खडकाची आकृती मी फळ्यावर असंख्य वेळा काढली आहे. त्या काठावर मी किती वेळ उभी होते कोण जाणे, शेवटी ह्यांनी बसकडे ओढत नेलं.

मुंबईहून फुजीला निघालेल्यांनी आधी एका संध्याकाळी गिल्बर्ट हिल बघून यावं. अंधेरी स्टेशनहून रिक्षा मिळते. बेसॉल्टचे ते उभे खांब साडेसहा कोटी वर्षांचे आहेत. फुजीचं आजचं रूप जेमतेम काही हजार वर्षांचं.