चार भोकं आणि अडीच तास

नेब्रास्कात नॉर्थ प्लॅटजवळ आय-८० हायवेवरच्या ट्रक-स्टॉपवर रात्री साडेनऊला वजनकाट्याची पावती हातात आली आणि तोंडातून शिवीच निघाली. पुढची चाकं ११,८६० पौंड, ड्राइव्हची (ट्रॅक्टरची, म्हणजे पुढच्या इंजिनगाडीची मागची जोडी) ३५,२४०, ट्रेलरची ३१,४२०. एकूण ७८,५२०, म्हणजे ८०,००० च्या मर्यादेच्या आत. पण जोड-ॲक्सलला, म्हणजे लागून असलेल्या दोन ॲक्सलना मिळून, मर्यादा ३४,००० ची. बैलगाडीच्या भाषेत सांगायचं तर गाडी धुरजड, म्हणजे पुढं जड, झाली होती. मांस भरून देणाऱ्या कारखान्यात मी म्हटलं होतं, पॅलेट जरा मागं घ्या. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता सांगितलं, सील लागलंय, निघा.

उपाय तसा सोपा. ट्रेलरची मागची चाकं रुळांवर पुढंमागं सरकतात, चार पिना त्यांना धरून ठेवतात. माझ्या ट्रेलरला भोकं सहा-सहा इंचांवर, एका भोकाला साधारण ४०० पौंड इकडचे तिकडे होतात. म्हणजे चाकं चार भोकं पुढं घ्यायची. लाल नॉब ओढून ट्रेलरचे ब्रेक लावायचे, पिवळा दाबून ट्रॅक्टरचे सोडायचे, दांडा ओढून पिना काढायच्या आणि गाडी हळूच मागं घ्यायची. उन्हाळ्यात दहा मिनिटांचं काम.

त्या रात्री उणे २० सेल्सिअस होतं आणि नियमानं ज्यांच्यापुढं गाडी चालवता येत नाही, त्या माझ्या ड्यूटीच्या चौदा तासांतले अडीच उरले होते.

दांडा ओढला, अर्धाच आला. वाटलं, बस झालं एवढं. गाडी मागं घेतली, सरकली! खूश होऊन खाली उतरलो. चाकं त्याच भोकात, आणि बर्फावर आठ टायरांच्या गुळगुळीत, चकाकणाऱ्या रेघा. ब्रेक लागलेली चाकं अख्खा ट्रेलर घेऊन घसरली होती. रुळ आणि चाकांत काहीच हललं नव्हतं.

मग हातोडा. रस्त्यावरचं मीठ आणि गंज यांचा भुगा तोंडावर उडाला, पिना जागच्या जागी. मग मी केलेला गाढवपणा सांगतो, तुम्ही करू नका: थर्मॉसमधलं गरम पाणी पिनांवर ओतलं. दोन मिनिटं बरं वाटलं, नंतर तेच पाणी पिनेभोवती काचेसारखं गोठलं. आता तिथं हातोडाही घसरायला लागला. अकरा वाजत आले होते. बोटं कळेनाशी झालेली, ग्लोव्ह दांड्याला चिकटायचा.

शेजारच्या गाडीतले पंजाबी ड्रायव्हर, आमचे पाजी, बराच वेळ बघत असावेत. उतरून आले, बर्फाकडे बघितलं आणि म्हणाले, "यहाँ नहीं होगा, उधर बजरी पे ले चलो." आवाराच्या कडेला खडी होती. तिथं गाडी नेली, ट्रेलरच्या चाकांमागं त्यांच्याकडचे लाकडी ठोकळे ठोकले. पिना निव्वळ गोठलेल्या नसतात, भाराखाली अडकलेल्याही असतात. म्हणून मी कॅबमध्ये बसून गाडी वीतभर पुढं, वीतभर मागं डुलवत राहिलो आणि पाजी बाजूला उभे राहून दांडा ताणून धरत होते. (चाकांसमोर कुणालाही उभं करू नका.) पाचव्या-सहाव्या झोक्याला खाड्‌ असा आवाज आला. इतका गोड आवाज मी वर्षभरात ऐकला नव्हता.

चार भोकं मोजून पुढच्या भोकात आधीच एक लोखंडी रॉड अडकवून ठेवला होता, म्हणजे चाकं पुढं निसटायला नकोत. दांडा आत ढकलल्यावर तीन पिना बसल्या, चौथी बसेना. पुन्हा डुलवलं. इथं कंटाळा करू नका. चारही पिनांची टोकं भोकातून बाहेर आलेली टॉर्च मारून बघा, आणि ट्रेलरचे ब्रेक लावलेले असतानाच गाडी किंचित पुढं ओढून खात्री करा. पिन न बसता हायवेला लागलात तर पहिल्या जोरदार ब्रेकला ट्रेलरचा सांगाडा चाकांवरून धावतो.

हो, डिझेल वजन करायच्या आधीच भरा. एक गॅलन म्हणजे सात पौंड, शंभर गॅलन टाकले की सगळा हिशेब बदलतो. आणि कॅलिफोर्नियाला जाणार असाल तर किंगपिनपासून (ट्रेलर ट्रॅक्टरला जोडणाऱ्या खुंटीपासून) शेवटच्या ॲक्सलपर्यंत ४० फुटांचा नियम आहे, तोही मोजून घ्या. माझा लोड तिकडचाच होता. चाकं पुढं घेतल्यामुळं तिथली अडचण आपोआप मिटली.

दुसरी पावती: ११,८४०, ३३,७००, ३२,९८०. पाजींना चहा विचारला, ते म्हणाले झोपायचंय. मला निघायची घाई होती, पण घड्याळात पाच मिनिटं उरली होती. त्याच खडीवर गाडी लावली आणि झोपलो.