डेड हॉर्स पॉइंट, युटा: गाडीतून उतरलं की समोर दोन हजार फुटांचा कडा

युटातल्या मोआब गावाला येणारी बहुतेक मराठी मंडळी आर्चेस नॅशनल पार्क बघतात, डेलिकेट आर्चपाशी फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या मुक्कामाला लागतात. वेळ उरलाच तर डेड हॉर्स पॉइंट 'तासाभरात उरकतात', तेही बहुधा भर दुपारी. माझं म्हणणं उलट आहे. या भागात एकच संध्याकाळ हाताशी असेल तर ती इथे द्यावी, आणि पुरती द्यावी. सूर्यास्ताच्या दोन तास आधी पोहोचावं आणि अंधार पडेपर्यंत हलू नये.

मोआबहून हायवे 191 ने उत्तरेला साधारण नऊ मैल गेलं की डावीकडे 313 चा फाटा लागतो. तिथून वर चढत पुढे सुमारे 23 मैल. वाटेत एक तिठा येतो. सरळ रस्ता कॅनियनलँड्स नॅशनल पार्कच्या आयलंड इन द स्काय या भागाकडे जातो, 313 मात्र डावीकडे वळतो. पाटी मोठी आहे, तरी बोलण्याच्या नादात लोक सरळ निघून जातात. एकूण 32 मैल, पाऊण तास, सगळा रस्ता डांबरी. साधी भाड्याची गाडी पुरते. फक्त ॲपने 279 नंबरच्या पोटॅश रोडचा 'जवळचा' मार्ग सुचवला तर तो घेऊ नका. तो नदीकाठाने जातो आणि तिथून वर येणारे लाँग कॅनियन आणि शेफर हे दोन्ही रस्ते कच्चे, अरुंद, खडकाळ आहेत. ते उंच फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्यांचं काम, सेडानचं नाही.

हा स्टेट पार्क, म्हणजे राज्याचा आहे, त्यामुळे नॅशनल पार्कचा वार्षिक पास इथे चालत नाही. दारावर वेगळे पैसे भरावे लागतात आणि पास दाखवून वाद घालण्यात अर्थ नाही.

व्हिजिटर सेंटर ओलांडल्यावर रस्ता एका चिंचोळ्या मानेवरून जातो. इथे पठार जेमतेम तीस यार्ड रुंद उरतं आणि दोन्ही बाजूंना दरी. नावामागची दंतकथा याच जागेची आहे. एकोणिसाव्या शतकात काउबॉय रानघोडे हाकत पुढच्या टोकावर नेत आणि ही मान झाडांच्या फांद्यांनी बंद करत. बाकी तिन्ही बाजूंना कडेच, वेगळं कुंपण लागायचंच नाही. एकदा काही घोडे आत राहिले आणि खाली नदी दिसत असताना तहानेने मेले, असं सांगतात. गाडीतून ही मान लक्षातही येत नाही, म्हणून वेग कमी करून दोन्हीकडे बघा.

टोकाला पार्किंग आहे आणि तिथून कड्यापर्यंत फरसबंद वाट, अगदी थोडी. सावलीला छप्पर आहे. भारतातून आलेल्या आई-बाबांना, गुडघे दुखणाऱ्यांना, व्हीलचेअरवरच्या माणसालाही हे दृश्य पूर्ण मिळतं. या तोडीचं दृश्य इतक्या कमी चालण्यात देणारी जागा मला या परिसरात दुसरी माहीत नाही. उंची मात्र विसरू नका. टोक जवळजवळ सहा हजार फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्यापेक्षा उंच. बेताने चाला.

समोर कोलोरॅडो नदीने घेतलेलं वळण दिसतं. इतक्या कठीण खडकात नदी अशी नागमोडी कशी, हा प्रश्न पडायलाच हवा. वळणं आधीची, सपाट मैदानातून वाहत होती तेव्हाची. पुढे सगळं पठार वर उचललं गेलं आणि नदी आपल्याच वाटेने खाली कापत राहिली. पाणी बहुतेक काळ गढूळ, तपकिरी असतं. याच नदीचं ॲरिझोनातलं वळण, हॉर्सशू बेंड, आणि तिथलं हिरवं पाणी बघून आलेले इथे जरा हिरमुसतात. तिथे वरच्या अंगाला ग्लेन कॅनियन धरण आहे, गाळ धरणामागच्या लेक पॉवेल जलाशयातच बसतो आणि खाली गाळलेलं पाणी येतं. इथली नदी गाळासकट वाहते.

आता कड्याकडे बघा. पायाखालचा थरांचा कठीण खडक म्हणजे कायेंटा. हा जुन्या नद्यांनी आणून टाकलेल्या वाळूचा. त्याखालची सरळसोट लाल भिंत विंगेट, ही वाऱ्याने साचलेल्या वाळूच्या टेकड्यांची. भिंतीखालचा ठिसूळ उतार चिन्लेचा. चिन्ले झिजतो, विंगेटचा आधार जातो, उभ्या चिरांवरून अख्खा पापुद्रा सुटून खाली कोसळतो. कडे मागे सरकतात पण उभेच राहतात, ते यामुळे. दुर्बीण असेल तर भिंतीचा रंग नीट न्याहाळा. काळपट ओघळ आहेत ते मँगनीज आणि लोहाच्या पातळ थराचे, आणि मध्येच स्वच्छ केशरी तुकडा दिसला तर तिथला पापुद्रा त्या मानाने अलीकडे गळालेला असतो.

पूर्वेला ठसठशीत निळे चौकोन दिसतात, ते तलाव नव्हेत. ते पोटॅश (खतात वापरला जाणारा क्षार) काढायचे वाफे आहेत. जमिनीखालच्या मिठाच्या थरांत नदीचं पाणी सोडतात, विरघळलेलं खारं पाणी वर ओढून या वाफ्यांत पसरतात. ऊन जास्त शोषलं जावं आणि पाणी लवकर आटावं म्हणून त्यात निळा रंग घालतात.

दोन तास आधी या म्हणतो, त्याला कारण आहे. नदी खोल आहे, त्यामुळे सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी ती सावलीत बुडते. ऐन सूर्यास्ताला धावत येणाऱ्यांना वळण काळपटच दिसतं. आधी आलात तर नदीवरचं ऊन मिळतं, मग सावली भिंतीवरून वर चढताना दिसते, आणि शेवटी सगळे पश्चिमेकडे बघत असताना तुम्ही पूर्वेकडे वळा. तिकडचे कडे आणि बारा हजार फुटांपलीकडचे ला साल डोंगर त्या वेळी पेटतात. फोनने फोटो काढताना आभाळावर नव्हे, खडकावर बोट ठेवून प्रकाश जुळवा, आणि 0.5 ची लेन्स लावली की नदी बारीक रेघ होते हे ध्यानात घ्या.

पहाट हवी असेल तर एक अडचण आहे. मुक्कामी नसणाऱ्यांना पार्क सकाळी 6 ते रात्री 10 उघडा असतो आणि जूनमध्ये सूर्य सहाच्या आसपासच उगवतो. तेव्हा एकतर आतल्या कायेंटा किंवा विंगेट कॅम्पग्राउंडचं बुकिंग करा, नाहीतर चोवीस तास उघड्या कॅनियनलँड्समध्ये मेसा आर्च ही खडकाची कमान गाठा.

सह्याद्रीत फिरलेल्यांना एक विनंती. कोकणकड्यावर आपण पालथे पडून खाली डोकावतो, ती सवय इथे आणू नका. कायेंटाचे कठीण थर पुढे येतात, त्यांच्याखालचे मऊ थर झिजून गेलेले असतात. आपण उभे असतो त्या फळीखाली पोकळी आहे की नाही, हे वरून कळत नाही. शिवाय उतरत्या खडकावर वाळूचे सुटे कण असतात आणि त्यावरून बूट सरकतो. बुटके दगडी बांध मुख्य जागेपुरतेच आहेत, पुढे काही नाही. लहान मुलांचा हात सोडू नका.

चालायची हौस असेल तर कड्याच्या दोन्ही अंगांनी वाटा आहेत. पूर्वेची वाट व्हिजिटर सेंटरपर्यंत सोपी आणि सरळ. पश्चिमेची जास्त लांब, वळणावळणाची, आणि माझ्या मते जास्त सुंदर, कारण तिच्यावरून फुटणाऱ्या छोट्या वाटा वेगवेगळ्या कड्यांवर नेतात. दोन्ही जोडून साधारण पाच मैलांची फेरी होते. उघड्या खडकावर वाट दगडांच्या रचलेल्या छोट्या ढिगांनी दाखवलेली असते. पुढचा ढीग दिसल्याशिवाय मागचा सोडायचा नाही. काळी, खडबडीत, फुगलेली माती दिसली तर तिच्यावर पाय नको. ती सूक्ष्म जिवाणूंनी बांधलेली जिवंत साय आहे, तीच वाळू धरून ठेवते, आणि एक पाऊल भरून यायला कित्येक वर्षं जातात.

पाणी मोआबमध्येच भरून घ्या. पार्कात पाण्याचा नैसर्गिक स्रोत नाही, सगळं टँकरने वर येतं. दिवसभर फिरणार असाल तर माणशी चार लिटर धरा. जुलै ते सप्टेंबर दुपारनंतर विजांची वादळं येतात. गडगडाट ऐकू आला की छपराखाली नाही, गाडीत बसायचं. हिवाळ्यात खडकावर न दिसणारा बर्फाचा पातळ थर असतो.

काळोख पडल्यावर घाई करू नका. 2016 पासून हा मान्यताप्राप्त डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपलेली जागा आहे. अमावास्येच्या आसपास आकाशगंगा नुसत्या डोळ्यांनी दिसते. परतताना मात्र 313 वर वेग कमी ठेवा. इथे मोकळी चरणारी गुरं आणि हरणं रस्त्यावर येतात, मोबाइलला रेंज भरवशाची नाही, आणि मोआब सोडल्यावर वर कुठेही पेट्रोल मिळत नाही, तेव्हा टाकी निघतानाच भरलेली हवी.